मधला काळ : ‘तात्पुरता निवारा’ आणि मराठी लेखन

वडखळ हे थांबायचे गाव आहे, राहायचे नव्हे, असा बाहेरच्यांचा समज असतो. मुंबईहून निघालेला माणूस नाक्यावर वडापाव खातो, पांढऱ्या कांद्याची माळ घेतो, अलिबागचा असेल तर उजवीकडे वळतो, गोव्याचा असेल तर सरळ निघून जातो. डोळवीच्या पोलाद कारखान्याचे ट्रेलर रात्रभर घरघरत असतात, तेही थांबत नाहीत. मी या नाक्यापासून चालत पंधरा मिनिटांवर राहतो. मराठी शिकवण्यात माझी हयात गेली आणि अधूनमधून समीक्षाही लिहिली. प्रस्तुत लेखाला कारण झालेली गोष्ट म्हणजे त्या समीक्षेतली माझी एक चूक.

२००५ च्या पावसाळ्यानंतर दोन-तीन वर्षे मराठीत पुराच्या कथा बऱ्याच आल्या. त्यांच्यावर मी एक लेख लिहिला होता. एका कथेचे मी फार कौतुक केले होते. रात्री घरात शिरणारे पाणी, माळ्यावर चढलेले कुटुंब, हातात कंदील धरून बसलेली बाई, आणि पहाटे पाणी उतरू लागल्यावर तिने टाकलेला पाय, इथे ती कथा संपत होती. ‘शेवटाचा संयम’ वगैरे शब्द मी वापरले होते. लेख छापून आल्यावर तो मी माझ्या आत्याला वाचून दाखवला. तिचे गाव धरमतर खाडीच्या काठावरच्या खारेपाटातले. त्याच २६ जुलैच्या उधाणात तिच्या गावचा बांध फुटला होता, आणि तिचे घर बसले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘त्या सगला बरा हाय रं. पन दुसऱ्या दिशी चूल कुठं मांडली तिनी?’’

मी हसलो. कथेचा शेवट तो शेवट, असे काहीतरी तिला समजावलेही. त्या वेळी आत्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि तिथे तिला दीड-दोन वर्षे झाली होती. मी तो लेख तिला ज्या पत्र्याखाली बसून वाचून दाखवला, तो पत्रा माझ्या लेखात कुठेच नव्हता. हे लक्षात यायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपत्तीत माणसाच्या आयुष्यातला सर्वांत लांब काळ हा ना त्या रात्रीचा असतो, ना नव्या घराच्या किल्ल्या मिळण्याच्या दिवसाचा. तो या दोहोंमधल्या निवाऱ्यातला असतो. या काळाला शासनाच्या भाषेत नाव आहे, पण मोजमाप नाही. आणि मराठी ललित लेखनाने, एखाददुसरा अपवाद सोडता, शासनाचीच कालगणना स्वीकारली आहे. रात्र लिहायची, किल्ली लिहायची, मधले सोडून द्यायचे.

आधी शब्दाकडे पाहू. ‘तात्पुरता’ हा शब्द आपण काळाचा शब्द समजतो. त्याची फोड केली तर त्यात काळ नाही, पुरणे आहे. तेवढ्यापुरता, त्या गरजेला पुरेल इतका. पुरता या अर्धुकात एक आश्वासन आहे: कमी असेल, साधा असेल, पण पुरेसा असेल. ‘निवारा’ हा त्याहून जुन्या वळणाचा शब्द. वारा, पाऊस, ऊन यांचे निवारण करतो तो निवारा. म्हणजे शब्दांना शब्द लावून वाचले तर ‘तात्पुरता निवारा’ याचा अर्थ गरजेपुरते का होईना पण खरोखर पुरणारे आणि खरोखर वारणारे छप्पर. सरकारी कागदावर आल्यावर या जोडशब्दातले पुरणेही गेले आणि वारणेही गेले. उरले ते फक्त ‘कायमचे नाही’ एवढे नकारार्थी सूचन. मे महिन्यात पत्र्याखाली बसलेल्या माणसाला तो निवारा कशाचे निवारण करतो, हे कुणी विचारत नाही, कारण विचारलेच तर उत्तर तयार असते: अहो, तात्पुरता आहे.

आमच्या खारेपाटात हा शब्द वेगळ्या रीतीने वापरला जातो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते त्यात लेखाचा गाभा आहे. खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून जो मोठा बांध असतो तो बाहेरकाठा. पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यात उघाडी. उधाणाच्या भरतीने बांध फुटला की जे भगदाड पडते ती खांड. खांड गेली अशी हाक रात्री-अपरात्री आली की घरटी एक माणूस निघायचा. बांधाची देखभाल करणारी गावकीची व्यवस्था होती, तिला जोळ म्हणत. १९४८ च्या आणि पुढे १९७९ च्या खारजमिनींच्या कायद्यांनी हे काम हळूहळू सरकारकडे गेले आणि जोळही विस्कटत गेली, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. मुद्दा असा की रात्री पेंढा, चिखल, वासे घालून बांधलेली खांड ही ‘तात्पुरती’ असे, आणि ती किती तात्पुरती हे गावात प्रत्येकाला ठाऊक असे. अमावास्येला बांधली असेल तर पुनवेपर्यंत. पुढचे उधाण पंधरा दिवसांवर आहे, तोवर माती टाकून ती पक्की करायची, नाही तर भात गेले. इथे ‘तात्पुरते’ या शब्दाला तिथी आहे. खाडी ती तिथी पाळते, म्हणून माणसांनाही पाळावी लागते.

शासनाच्या तात्पुरत्याला तिथी नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वाचून पाहावा. त्याच्या बाराव्या कलमात मदत छावण्यांत निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांच्या किमान दर्जाविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरवायला सांगितले आहे. किमान दर्जा आहे, कमाल मुदत नाही. एक्केचाळिसावे कलम स्थानिक संस्थांना मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणीची कामे करायला सांगते. पण ज्या ग्रामपंचायतीच्या दारात माणूस पहिल्यांदा जातो, तिच्याजवळ रिकामी, कोरडी, स्वतःची अशी एक खोलीही बहुधा नसते. असते ती जिल्हा परिषदेची शाळा. आपल्याकडे ग्रामीण भागातली आपत्कालीन घरे म्हणजे व्यवहारात शाळा, समाजमंदिरे आणि देवळे.

शाळेबद्दल एक चांगली गोष्ट सांगायला हवी. तिला घंटा असते. आत्या अकरा दिवस शाळेत होती. सहावीच्या वर्गात आठ कुटुंबे, फळ्यावर तहसील कार्यालयातून आलेल्या धान्याचा हिशेब, व्हरांड्यात तीन दगडांच्या चुली. सोय वाईटच होती, पण बाराव्या दिवशी मुलांना बसायला जागा हवी म्हणून काहीतरी निर्णय करणे भाग पडले. निर्णय झाला तो गावाबाहेरच्या उंचवट्यावर पत्र्याच्या सात शेडचा. तिथे घंटा नव्हती. तिथे आत्या साडेतीन वर्षे राहिली.

*

आपत्तीनंतर आपल्याकडे सर्वाधिक लिहिला जाणारा गद्यप्रकार कोणता, तर पंचनामा. साहित्याच्या अभ्यासकाने त्याच्याकडे गद्यप्रकार म्हणून पाहायला हरकत नसावी. त्यात निवेदक आहे, साक्षीदार आहेत, स्थळकाळ आहे, शेवटी सह्या-अंगठे आहेत. घर कच्चे की पक्के, पूर्णतः नष्ट की अंशतः, अंशतः असेल तर पडझड किमान १५ टक्के आहे का, झोपडी की घर, जोडून गोठा होता का. भांडी आणि कपडे यांच्यासाठी मदत हवी तर घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असायला हवे, असा निकष. तो पुष्कळदा शिथिल होतो, पण मूळ कल्पना पाहा. पाणी ४० तास राहिले तर भांडे वाहत नाही, ५० तास राहिले तर वाहते. पंचनाम्यावर उपरोध करणे सोपे आहे आणि मराठीत तो भरपूर झालाही आहे. मला त्याच्या व्याकरणाकडे लक्ष वेधायचे आहे. पंचनामा पूर्णपणे भूतकाळात असतो. काय होते आणि काय गेले. माणूस आता कुठे आहे याचा रकाना नाही. पंच सह्या करून घरी जातात. ज्याच्या घराचा पंचनामा झाला त्याला मात्र जायला घर नसते, आणि तिथून पुढची हकीकत कुणाच्याच वहीत नोंदली जात नाही.

ती नोंदली जाते वर्षाने, वर्तमानपत्रात. ‘वर्षपूर्ती’ हा आपल्या पत्रकारितेतला एक रूढ प्रकार झाला आहे. त्याचा मथळा ठरलेला: ‘एक वर्षानंतरही...’ त्या ‘ही’वर सगळा भार. हे लेखन करणाऱ्या वार्ताहरांविषयी मला आदर आहे, कारण मधल्या काळाची जी काही नोंद मराठीत आहे ती त्यांचीच आहे. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, कोंडिवते, रोहण आणि दासगाव इथे दरडी कोसळल्या. दासगावच्या दरडग्रस्तांसाठी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यात तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली, तेव्हा दासगावची काही कुटुंबे अजून त्याच शेडमध्ये होती, ही गोष्ट आपल्याला कळली ती अशा बातम्यांतून. सोळा वर्षे. ज्या मुलाला कडेवर घेऊन आई शेडमध्ये शिरली असेल, तो दहावी पास होऊन गेला. या मुलाच्या आठवणीत ‘मूळ घर’ नसणारच. त्याचे मूळ घर पत्र्याचे आहे. याच्या आत्मकथनाची सुरुवात कशी होईल, याची मला समीक्षक म्हणून खरी उत्सुकता आहे.

तळीयेपासून आपल्या जिल्ह्याच्या शब्दकोशात एक नवा अर्थ आला: कंटेनर. न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून, म्हणजे १९८९ पासून, उरण-पेण पट्ट्यातल्या माणसाला कंटेनर म्हणजे मालाची पेटी. आमच्या रस्त्यांवरून तो जातो, वळणावर उलटतो, वाहतूक अडवतो. आता कंटेनरमध्ये माणसे राहू लागली. त्या प्रत्यक्षात तयार भिंतींच्या केबिन असतात, जहाजावरच्या पेट्या नव्हेत. पण लोकांनी त्यांना नाव दिले कंटेनर, आणि तेच रुळले. लोकभाषा उगाच शब्द उचलत नाही. कंटेनर म्हणजे जे कुठेतरी पोचवायचे आहे आणि मध्येच कुठेतरी ठेवलेले आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला धड रस्ता नाही. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडली नाहीत आणि शोध थांबवण्यात आला. वाचलेल्यांना आधी देवळात आणि मग चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवले. कायमची घरे बांधण्याचे काम सिडकोकडे गेले. काही महिन्यांत घरे मिळतील असे सांगितले गेले होते, आणि पहिले वर्षश्राद्ध आले तेव्हा माणसे कंटेनरमध्येच होती. मला इथे दिरंगाईचा हिशेब मांडायचा नाही. डोंगरातल्या वाडीसाठी सुरक्षित जमीन शोधणे, तिची पाहणी, पाणी-वीज-रस्ता, हे महिन्या-दोन महिन्यांत होत नाही आणि घाईने झालेले टिकतही नाही. माळीणचे उदाहरण समोर आहे. ३० जुलै २०१४ ला ते गाव गाडले गेले, १५१ माणसे गेली. नवे गाव २ एप्रिल २०१७ ला लोकांच्या स्वाधीन झाले, आणि पहिल्याच पावसात तिथली भरावाची जमीन खचू लागली. तेव्हा वेळ लागणारच. प्रश्न असा की वेळ लागणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असताना आपण त्या काळाला ‘तात्पुरता’ का म्हणतो? दोन पावसाळे माणूस जिथे काढणार आहे ते घर दोन पावसाळ्यांना पुरेल असे का बांधत नाही?

ठाकरांची घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत त्यांना कळेल की इथे आणखी काय हरवते. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, चुलीवर धूर खात टांगलेले बियाणे. कंटेनरमध्ये चूल पेटवता येत नाही. बियाणे कुठे टांगायचे? पुन्हा आत्याचाच प्रश्न.

*

शहरात याच गोष्टीचे नाव ‘संक्रमण शिबिर’. हा अनुवादित शब्द आहे, पण अनुवादकाच्या नकळत फार बोलका झाला आहे. संक्रमण म्हटले की मराठी माणसाला मकरसंक्रमण आठवते. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत ठरल्या वेळी जातो, पंचांगात घटका-पळे दिलेली असतात. शिबिर म्हणजे नेत्रशिबिर, श्रमसंस्कार शिबिर, ज्याला समारोप असतो. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारती पडल्या किंवा धोकादायक झाल्या की भाडेकरूंना या शिबिरात हलवायचे आणि इमारत उभी राहिली की परत आणायचे, अशी योजना. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले, पुढे म्हाडा आली. पण कित्येक ठिकाणी इमारत परत उभी राहिलीच नाही, भूखंड लहान किंवा आरक्षित निघाला, आणि शिबिरात दुसरी-तिसरी पिढी वाढली. मग त्यांच्यासाठी ‘बृहत्सूची’ निघाली. आणि शिबिरवासीयांचे वर्ग पडले: मूळ भाडेकरू, त्याच्याकडून मुखत्यारपत्रावर घर घेतलेला, आणि घुसखोर. तात्पुरत्या जागेत मालकी हक्काची अशी उतरंड तयार होणे हीच त्या जागेच्या कायमपणाची कबुली नव्हे काय?

भाषा अशा कबुल्या देत असते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना उतरवले. १९४९ मध्ये तिथे उल्हासनगर झाले, त्याची पुढे महानगरपालिका झाली, पण रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगावे लागते.

पुण्याचा दाखला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाकडे आले, आणि गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींतून आजचे निम्मे पुणे घडले असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती नाही. त्या वसाहतींच्या आधी आणि त्यांच्याबरोबर होत्या निसेन हट. पहिल्या महायुद्धात निसेन नावाच्या एका लष्करी अभियंत्याने सैनिकांसाठी काढलेली, पत्रा अर्धगोल वाकवून केलेली खोपी. पानशेतच्या पुरावर मराठीत आठवणींचा डोंगर आहे. ओंकारेश्वरापाशी पाणी कुठवर आले, कोण कोणत्या गच्चीवर होते, कुणाच्या वाड्यातून काय वाहून गेले, हे सदाशिव-नारायण-शनिवारातल्या दर दुसऱ्या घरात कुणीतरी लिहिलेले आहे. निसेन हटमधल्या संसाराबद्दल मात्र त्या मानाने फार थोडे. अर्धगोल भिंतीला कपाट कसे लावायचे, देवघर कुठे मांडायचे, वाड्यात ज्यांच्याशी पाणी वेगळे होते त्यांच्याशी आता एकाच नळावर भांडायचे, हे सारे साहित्याला किती जवळचे! पण ते कुणाला सांगण्याजोगे वाटले नसावे. पूर सांगण्यात शौर्य आहे. पत्र्यात राहणे सांगण्यात कमीपणा आहे. पूरग्रस्तांच्या शंभरावर गृहनिर्माण संस्थांनी जमिनीच्या मालकीसाठी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अर्ज-विनंत्या केल्या. त्या फायलींत जेवढे मराठी गद्य असेल तेवढे पानशेतनंतरच्या कथा-कादंबऱ्यांत या विषयावर नसेल.

कुणी म्हणेल, मराठीत झोपडपट्टीच्या कादंबऱ्या आहेत ना? आहेत. जयवंत दळवींची ‘चक्र’, मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’. पण तिथली खोपट माणसाने स्वतः उभी केलेली असते. ती बेकायदा असेल, उद्या पाडली जाईल, पण ती त्याची आहे. तिच्या अस्थिरतेत एक झुंज आहे, आणि कादंबरीला झुंज आवडते. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड आहे. तिथेही फिरस्तीचे शहाणपण पिढ्यांनी कमावलेले आहे. आमच्या भागातले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, तिथे खोपटी बांधतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या हालाला पार नाही, पण त्या खोपटाला शेवटचा दिवस आहे: पहिला पाऊस. सरकारी शेड या सगळ्यांहून वेगळी. ती दिलेली असते. तिला क्रमांक असतो, तिच्यात खिळा ठोकायचा तर विचारावे लागते, पडवी काढली तर ‘अतिक्रमण’ होते, आणि गळते म्हटले तर ‘फुकट मिळाले तरी तक्रार’ असे ऐकावे लागते. उपकाराखाली राहण्याचा हा अनुभव मराठी कादंबरीने क्वचितच हाताळला. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ हा माझ्या दृष्टीने तो ठळक अपवाद. धरणग्रस्तांचे ताटकळणे हाच त्या कादंबरीचा विषय आहे, ताटकळण्याच्या आधीची आपत्ती नव्हे. असे का जमले, याचा विचार केला तर वाटते की धरणात ‘ती रात्र’ नसते. तिथे आपत्ती फाइलीतून, हप्त्या-हप्त्याने येते, त्यामुळे लेखकाला सोयीचा कळसाध्याय मिळत नाही. महापूर आणि दरड मात्र लेखकाला एक रात्र आयती देतात, आणि तो त्या रात्रीत अडकून पडतो. मीही वाचक म्हणून तिथेच अडकलो होतो.

इंग्लंडचा एक दाखला देतो. १९६६ च्या नोव्हेंबरात बीबीसीवर ‘कॅथी कम होम’ हे केन लोच यांनी दिग्दर्शित केलेले नाट्य दाखवले गेले. त्यात पूर नाही, भूकंप नाही. नवऱ्याला अपघात होतो, भाडे परवडत नाही, आणि एक तरुण कुटुंब एकेक पायरी खाली येत नगरपालिकेच्या आपत्कालीन वसतिगृहात पोचते, जिथे नवऱ्याला बायकोमुलांबरोबर राहू देत नाहीत. नाट्य सगळेच्या सगळे या मधल्या पायऱ्यांवर घडते. १९७७ मध्ये तिथे कायदा झाला आणि बेघर कुटुंबांना घर देण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर आली. एका नाट्याने कायदा झाला असे भाबडे विधान मी करणार नाही, मध्ये अकरा वर्षे आणि पुष्कळांची चळवळ आहे. पण पुढे इंग्लंडमध्ये नियम आला की मुले असलेल्या कुटुंबाला लॉजमध्ये ठेवणे भागच पडले तरी सहा आठवड्यांहून जास्त ठेवायचे नाही. हा नियम तिथे मोडला जातो, आणि सर्रास मोडला जातो. तरीही मोडला गेला असे म्हणता येते, कारण आकडा लिहिलेला आहे. आपल्याकडे चाऱ्याच्या छावणीत मोठ्या जनावराला दिवसाला किती किलो चारा द्यायचा हे शासन निर्णयात लिहिलेले असते. म्हणून छावणीत चारा कमी पडला की शेतकरी निर्णयाची प्रत दाखवून भांडू शकतो. शेडमधल्या बाईने कोणती प्रत दाखवायची?

रायगडमधली शंभराहून अधिक गावे दरडप्रवण म्हणून नोंदलेली आहेत. दर पावसाळ्यापूर्वी त्यांतल्या घरांना सुरक्षित स्थळी स्थलांतर करण्याच्या नोटिसा जातात. नोटिशीची भाषा आज्ञार्थी असते: स्थलांतर करावे, अन्यथा जबाबदारी आपली राहील. कुठे, हे पुष्कळदा लिहिलेले नसते. पंचनाम्यात ‘आता कुठे’चा रकाना नाही, आणि नोटिशीतही नाही.

आत्याला घर मिळाले ते २००९ च्या सुरुवातीला. शेडचे पत्रे परत न्यायला कुणी आले नाही, म्हणून सातही कुटुंबांनी ते वाटून घेतले. तिच्या वाट्याचे पत्रे तिने नव्या घरामागच्या गोठ्यावर घातले. त्यांतल्या एकावर तेलरंगाने ‘क्र. ५’ लिहिलेले आहे. बसवणाऱ्याने पत्रा उलटा लावल्यामुळे ते गोठ्यात मान वाकडी करून वाचावे लागते. यंदाच्या श्रावणात तो पत्रा गंजून फुटला. बदलायला माणूस पाठवतो म्हटले, तर आत्या म्हणाली, ‘‘आता वरशी प्लास्टिक टाक. पुनवेचं उधान जाऊंदे, मंग बघू.’’